रकमेपुढची तारीख

३१ मे २०२५ रोजी नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून गणिताचा शिक्षक म्हणून मी निवृत्त झालो. कागदपत्रे आधीच्या सहा महिन्यांत नेटाने पूर्ण केलेली असल्यामुळे ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची (म्हणजे त्याचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची) रक्कम आणि भविष्य निर्वाह निधी असे सगळे मिळून ५२ लाख रुपये जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बचत खात्यात जमा झाले. खात्यावर व्याज अडीच टक्के होते. हाच पैसा सव्वासहा टक्क्यांनी ठेवला असता तर दिवसाला पाचशे रुपयांहून अधिक फरक पडला असता, हा हिशेब पहिल्याच रात्री करून झाला. तरीही पुढचे जवळजवळ चार आठवडे मी त्या पैशाला हात लावला नाही. त्या चार आठवड्यांत आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत जे कळले ते लिहून काढतो आहे, कारण माझ्या आगेमागे निवृत्त झालेले सहकारी भेटले की हाच प्रश्न विचारतात: पैसा मनी मार्केट फंडात ठेवावा, रोख्यांत ठेवावा की शेअरमध्ये घालावा?

सल्ल्यांना तोटा नव्हता. पत्नीचे भाऊ इतवारीत किराण्याचा ठोक व्यापार करतात आणि वीस वर्षांपासून शेअर बाळगून आहेत. ते घरी आले तेव्हा म्हणाले, "भाऊजी, मागच्या सप्टेंबरात सेन्सेक्स ८५ हजारांवर होता, एप्रिलात ७३ वर आला, अन् आता पुन्हा ८२-८३ वर आहे. पडला तरी उठते जी तो. तुम्ही काऊन घाबरता?" माझ्या काकांचे मत नेमके उलटे होते, मुदत ठेवीपलीकडे जे काही आहे तो जुगार, असे ते आयुष्यभर मानत आले आहेत. खात्यात रक्कम आल्याच्या तिसऱ्याच दिवशी बँकेतून फोन आला आणि एका तरुण अधिकाऱ्याने समोर बसवून एक योजना सांगितली. "सर, एफडीसारखंच आहे, फक्त परतावा जास्त," असे तो दोनदा म्हणाला. कागद घरी आणून वाचला तेव्हा ती बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी निघाली आणि पहिली पाच वर्षे तिच्यातून पैसे काढता येणार नव्हते. मी सही केली नाही. पण बारीक अक्षरांतला मजकूर शेवटपर्यंत वाचण्याची सवय नसलेल्या माणसाने त्या खुर्चीत बसून काय केले असते, या विचाराने आलेली चीड अजूनही गेलेली नाही.

गाडी रुळावर आली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आता धरमपेठेत चार्टर्ड अकाउंटंट आहे. मी त्याच्यापुढे ५२ लाखांचा आकडा ठेवला आणि कुठे गुंतवू असे विचारले, तेव्हा त्याने उत्तर न देता कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. "सर, उत्तराला एकक लिहिलं नाही की तुम्ही अर्धा गुण कापायचे. याला एकक कुठे आहे?"

मी म्हणालो, "रुपये."

"रुपये हे अर्धं झालं, सर. कधी लागणार आहेत ते लिहा, मग आपण बोलू."

त्या रात्री जेवणानंतर आम्ही दोघे नवरा-बायको वही घेऊन बसलो. मुलीचे लग्न नोव्हेंबरच्या शेवटी ठरले होते, त्यासाठी १२ लाख. त्रिमूर्तीनगरच्या घरावर वरचा मजला चढवायचा होता. दिवाळीनंतर काम सुरू करून स्लॅब उन्हाळ्याच्या आत पडला पाहिजे, कारण नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत काँक्रीटला पाणी मारता मारता जीव जातो. त्यासाठी १५ लाख, तेही ठेकेदाराला टप्प्याटप्प्याने द्यायचे. दुखण्याखुपण्यासाठी ५ लाख, ज्यांच्यापुढे तारीख लिहिता येत नव्हती, म्हणून "कधीही" असे लिहिले. उरलेल्या २० लाखांपुढे काय लिहावे हे बराच वेळ सुचले नाही. शेवटी पत्नीने माझ्या हातातून पेन घेतले आणि "आठ-दहा वर्षे तरी नाही" असे लिहिले. मग ती जरा थांबून म्हणाली, "अहो, या वेळी पाटल्या बँकेत जाणार नाहीत ना?"

त्या वाक्यामागे २००८ साल आहे. बेसा रस्त्याला एक प्लॉट आम्ही पसंत केला होता आणि दिवाळीत दीड लाखाचा हप्ता द्यायचा होता. हातात पैसा आदल्या डिसेंबरपासून होता. तो दहा-अकरा महिने बचत खात्यात निजवून ठेवण्यापेक्षा शेअरच्या एका फंडात घालावा असे मला वाटले, कारण तेव्हा सगळीकडे चढत्या बाजाराचीच बोलणी चालू होती आणि सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला टेकला होता. त्या वर्षीची दिवाळी २८ ऑक्टोबरला होती, आणि बाजाराने त्या पडझडीतला तळ जवळजवळ त्याच दिवसांत गाठला. आदल्या दिवशी सेन्सेक्स दिवसभरात ८,००० च्याही खाली जाऊन आला होता. दीड लाखाचे ६६ हजार हातात आले आणि बाकीच्यासाठी पत्नीच्या सोन्याच्या पाटल्या तारण ठेवून कर्ज घ्यावे लागले. त्या सोडवायला दोन वर्षे लागली. योगायोग असा की नोव्हेंबर २०१० मध्ये सेन्सेक्सने २१,००० ही पातळी पुन्हा पाहिली तेव्हाच आमच्या पाटल्या घरी आल्या. ज्यांना दिवाळीत पैसे नको होते त्यांचे पैसे परत आले. मला हवे होते म्हणून माझे गेले. इतकी वर्षे मी या प्रसंगाचा दोष शेअरना देत होतो. वहीत तारखा लिहिताना प्रथमच लक्षात आले की चूक मी अकरा महिन्यांचा पैसा तिथे ठेवण्यात केली होती.

लग्नाच्या आणि बांधकामाच्या २७ लाखांसाठी शेअरचा प्रश्न तिथेच मिटला. आता उरली होती तुलना मनी मार्केट फंड आणि रोखे यांची, आणि ती मला वाटली होती त्यापेक्षा फार अवघड निघाली.

मनी मार्केट फंड म्हणजे काय हे आधी मुळातून समजून घेतले. सरकारला, बँकांना आणि मोठ्या कंपन्यांना थोड्या दिवसांसाठी उसने पैसे लागतात. सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिले काढते, बँका सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट काढतात, कंपन्या कमर्शियल पेपर काढतात. सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०१७ मध्ये म्युच्युअल फंडांचे जे वर्गीकरण केले त्यानुसार मनी मार्केट फंडाला फक्त एक वर्षापर्यंत मुदत उरलेले असे कागद घेता येतात. लिक्विड फंडाची मर्यादा ९१ दिवसांची आहे. ट्रेझरी बिलावर वेगळे व्याज मिळत नाही, ते सवलतीत मिळते आणि मुदतीला पूर्ण १०० रुपये हातात येतात. समजा, ३६४ दिवसांचे बिल ९४ रुपये ७५ पैशांना मिळाले, तर ५ रुपये २५ पैसे ही कमाई झाली. ती शंभरावर नव्हे तर ९४.७५ वर मोजायची, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांहून किंचित जास्त पडते. हे उदाहरण मी वहीत दोनदा सोडवले, कारण फंडाच्या पोटात रोज जे घडते ते एवढेच आहे: कमी किमतीला घेतलेला कागद रोज थोडा थोडा शंभराकडे सरकतो आणि त्या सरकण्यातून फंडाचे मूल्य वाढत जाते.

हे पक्के समजावे म्हणून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट सेवेत खातेही उघडले. ही सेवा नोव्हेंबर २०२१ पासून सर्वसामान्यांना खुली आहे, तिच्यावर शुल्क नाही आणि किमान १०,००० रुपयांचे ट्रेझरी बिल थेट लिलावातून घेता येते. बिलांचा लिलाव दर बुधवारी होतो. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोरून आयुष्यभर ये-जा केली, पण सरकारला आपणही पैसे उसने देऊ शकतो हे निवृत्तीनंतर उमगले. बचत खात्यातून ५०,००० रुपयांचे एक बिल घेऊन पाहिले. व्यवहार स्वच्छ होता. मात्र मुदतीआधी ते विकायचे तर एवढ्याशा रकमेला गिऱ्हाईक सहजी मिळत नाही, आणि ठेकेदाराचा हप्ता बिलाच्या मुदतीची वाट पाहत थांबणार नव्हता. म्हणून बांधकामाच्या पैशासाठी तो मार्ग सोडला.

आता रोख्यांकडे, म्हणजे लांब मुदतीच्या उसनवारीच्या कागदांकडे वळतो, कारण मी दुसऱ्यांदा चुकणार होतो ते इथे. जुलै महिन्यात मी वेगवेगळ्या योजनांचे मागच्या एका वर्षाचे परतावे एका कागदावर मांडले. मनी मार्केट फंडांचे आकडे साडेसात टक्क्यांच्या आगेमागे होते, आणि दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे घेणारे गिल्ट फंड त्यांच्याही वर दिसत होते. सरकारचे रोखे, म्हणजे पैसे बुडण्याचा प्रश्न नाही, आणि वर परतावाही जास्त. बांधकामाचे १५ लाख गिल्ट फंडातच ठेवावेत असे मनाशी ठरवून टाकले. अर्ज भरूनही ठेवला होता. विद्यार्थ्याला फोन केला तो केवळ कळवण्यासाठी.

त्याने एवढेच विचारले की, सर, हा परतावा कशातून आला ते बघितलं का? मग पाहिले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, ६.५० वरून ६.२५ वर आणला, एप्रिलमध्ये ६ वर, आणि ६ जूनला एकदम अर्धा टक्का कमी करून ५.५० वर. व्याजदर उतरतात तेव्हा जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांची किंमत चढते. गिल्ट फंडांना मागच्या वर्षी मिळालेल्या परताव्याचा मोठा भाग या चढलेल्या किमतीचा होता आणि तो प्रत्येक वर्षी मिळणारा नव्हता. शिवाय त्याच ६ जूनच्या धोरणात बँकेने आपला पवित्रा बदलून तटस्थ केला होता, म्हणजे पुढे दर आणखी उतरतीलच असे धरून चालण्यात अर्थ नव्हता. त्यानंतर लांब मुदतीच्या रोख्यांचे उत्पन्नदर, म्हणजे आजच्या किमतीला रोखा घेतला तर मुदतीपर्यंत वर्षाला जे पडते ते, खाली येण्याऐवजी वर सरकू लागले होते; आणि उत्पन्नदर चढतो तो किंमत पडली की. रेपो दर कमी झाला आणि रोख्यांच्या किमतीही पडल्या, हे एकाच वेळी घडू शकते ही गोष्ट माझ्या डोक्यात तोपर्यंत शिरलेली नव्हती.

मग गणित मांडले. मला आकर्षक वाटलेल्या गिल्ट फंडाची सुधारित ड्युरेशन दहा वर्षांच्या जवळपास होती. तिचा अर्थ असा की उत्पन्नदर एक टक्क्याने वाढला तर फंडाचे मूल्य साधारण दहा टक्क्यांनी घटणार, आणि ०.३० टक्क्याने वाढला तर तीन टक्क्यांनी. माझ्या १५ लाखांवर तीन टक्के म्हणजे ४५,००० रुपये. वर्षाला पावणेसात टक्के कमावणाऱ्या फंडाला एवढा खड्डा भरून काढायला पाच महिन्यांहून जास्त लागतात, आणि माझा पहिला हप्ता चौथ्या महिन्यात होता. तेच गणित मनी मार्केट फंडासाठी केले. कागदांची सरासरी मुदत अर्धे वर्ष धरली, तर उत्पन्नदर पूर्ण एक टक्क्याने वाढला तरी मूल्य अर्ध्या टक्क्याने घटते आणि सहा टक्के कमावणारा फंड ते महिन्याभरात भरून काढतो. चार ओळींच्या या दोन हिशेबांनी मला जे सांगितले ते मागच्या वर्षभराच्या परताव्यांच्या तक्त्याने सांगितले नव्हते. भरलेला अर्ज मी फाडून टाकला. ऑगस्टमध्ये लांब मुदतीच्या रोख्यांचे उत्पन्नदर आणखी वर गेले आणि त्या फंडाचे मूल्य घसरलेले मी रोज पाहत होतो. सरकारी रोखा मुदतीपर्यंत धरून ठेवणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही, हेही तितकेच खरे. पण तीस वर्षांचा रोखा आणि चार महिन्यांनंतरचा हप्ता यांची सांगड बसत नाही.

मनी मार्केट फंडाचा मागच्या वर्षाचा साडेसात टक्क्यांचा आकडाही मी मग खोडला. तो परतावा जास्त दरांच्या दिवसांतला होता. योजनेच्या मासिक पत्रकात, आज हातात असलेले कागद मुदतीपर्यंत ठेवले तर काय मिळेल, तो उत्पन्नदर दिलेला असतो. जुलैमध्ये तो सहा-सव्वासहाच्या आसपास होता आणि त्यातून खर्चही वजा व्हायचा होता. माझ्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण साडेसात मिळतील या भरवशावर पैसे ठेवणारा माणूस वर्षाअखेर उगीच फसवणूक झाल्यासारखे वाटून घेईल.

तरीही काकांचा एक प्रश्न शिल्लक होता: बुडाले तर? त्याचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, म्युच्युअल फंडाला तसे कसलेही संरक्षण नाही. अमेरिकेत, जिथे मनी मार्केट फंडाचे युनिट कायम एक डॉलरचेच राहणार असे लोक गृहीत धरून चालत, तिथेही सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर एका जुन्या फंडाचे युनिट ९७ सेंटवर आले होते. आपल्याकडे असे स्थिर मूल्य नसतेच. मूल्य रोज बाजारभावाने ठरते. जुलै २०१३ मध्ये रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने अल्पमुदतीचे दर अचानक चढवले तेव्हा लिक्विड फंडांचे मूल्यसुद्धा एका दिवसात खाली आले होते, आणि २०१८ मध्ये पायाभूत क्षेत्राला कर्ज देणारा एक मोठा वित्तसमूह थकला तेव्हा त्याचे कागद बाळगणाऱ्या काही फंडांना थेट तोटा झाला. म्हणून मी परतावा पाहणे बंद केले आणि फंडाने काय काय घेतले आहे ती यादी वाचायला लागलो.

त्या वाचनात चार संध्याकाळी गेल्या आणि मला वाटते, या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वेळ तोच होता. तीन योजनांच्या याद्या छापून घेतल्या. लाल पेनाने प्रत्येक नावापुढे खूण केली: सरकारी बिल असेल तर गोल, बँकेचा कागद असेल तर चौकोन, कंपनीचा असेल तर त्रिकोण. अल्पमुदतीच्या कागदांना पतमानांकन संस्था देतात ती सर्वोच्च श्रेणी "ए१+" असते. त्या खालचे एकही नाव असेल ती योजना बाजूला. कुठल्या एकाच उद्योगसमूहाचे त्रिकोण फार दिसले तरी बाजूला. सेबीने डिसेंबर २०२१ पासून प्रत्येक रोखे योजनेला एक चौकट लावली आहे, तिच्यात अक्षर पतजोखीम, म्हणजे पैसे बुडण्याची जोखीम, सांगते आणि रोमन आकडा व्याजदराची जोखीम. मला आकडा एक आणि अक्षर ए, म्हणजे दोन्हीकडे सर्वांत कमी जोखीम, हवे होते. बी अक्षराची योजना थोडा जास्त उत्पन्नदर दाखवत होती, ती सोडली. नंतर थेट योजना आणि वितरकामार्फतची योजना यांचे खर्च ताडून पाहिले. शेअरच्या फंडात पाव टक्का माणूस विसरून जातो, पण सहा टक्क्यांच्या कमाईतून पाव टक्का जाणे म्हणजे कमाईचा चोविसावा भाग जाणे, म्हणून थेट योजना घेतली.

मुदत ठेवीशी तुलना केली तर परताव्यात फारसा फरक नव्हता, हे मान्य केले पाहिजे. कर दोन्हीकडे आपापल्या उत्पन्नाच्या टप्प्यानेच लागतो. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या मनी मार्केट फंडावर जुन्या दीर्घमुदतीच्या सवलती राहिलेल्या नाहीत. फरक एवढाच की ठेवीच्या व्याजावर दर वर्षी कर भरावा लागतो आणि फंडावर पैसे काढू तेव्हा, काढलेल्या भागातल्या नफ्यापुरताच. माझ्या निर्णयाचे कारण मात्र कर नव्हते. ठेकेदाराचे हप्ते कधी दोन लाखांचे, कधी साडेतीनचे, आणि तारीख कामाच्या वेगावर अवलंबून. मुदतीआधी ठेव मोडली की बँक व्याज कापते, तर मी घेतलेल्या फंडात हवी तेवढी रक्कम हवी तेव्हा काहीही न कापता काढता येत होती.

प्रत्यक्ष गुंतवणुकीत पहिला अडथळा केवायसीचा आला. माझी जुनी केवायसी २००७ ची, आधारच्या आधीची आणि जुन्या पत्त्याची होती. पॅनवर नाव एका पद्धतीने लिहिलेले आणि बँकेत दुसऱ्या. ते जुळवून घेण्यात अकरा दिवस गेले. ज्यांची निवृत्ती अजून वर्षभर दूर आहे त्यांनी हे काम आजच करून घ्यावे. खाते दोघांच्या नावे, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे उघडले. मग पूर्ण रक्कम न घालता आधी १०,००० रुपये घातले. पैसे फंडाच्या खात्यात ज्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचतात त्या दिवसाचे मूल्य लागते; माझे पैसे गुरुवारी चार वाजता पोहोचले म्हणून शुक्रवारचे लागले. सोमवारी सकाळी ५,००० परत मागितले आणि मंगळवारी दुपारी अडीच वाजता बँकेचा संदेश आला. पत्नीने तो स्वतः वाचला. त्यानंतर बांधकामाचे १५ लाख टाकले.

लग्नाच्या १२ लाखांपैकी ३ लाख हॉल, जेवणावळी आणि मांडववाल्याच्या इसाऱ्यासाठी बचत खात्यातच राहू दिले आणि ९ लाख लिक्विड फंडात ठेवले. मुदत चारच महिन्यांची होती, तिथे एक वर्षाच्या कागदांचीही गरज नव्हती. दुखण्याखुपण्याच्या ५ लाखांतल्या ३ लाखांची मुदत ठेव केली आणि २ लाख लिक्विड फंडात घातले, कारण लिक्विड फंडातून दिवसाला ५०,००० रुपयांपर्यंत तत्काळ काढण्याची सोय काही योजना देतात आणि मनी मार्केट फंडाला ती नसते. रात्री दवाखान्यात पैसे लागले तर ही गोष्ट उपयोगाची आहे.

उरले ते २० लाख. इथे मेहुण्यांचे आणि काकांचे, दोघांचेही अंशतः खरे होते. आधी वाटले, या वयात निम्मे रोख्यांत ठेवावेत. पण मी २००५ च्या आधी सेवेत लागलेला आहे, मला निवृत्तिवेतन आहे, त्यावर महागाई भत्ता वाढतो. म्हणजे दरमहा व्याज देणारा, सरकारने दिलेला आणि मी असेपर्यंत न संपणारा एक मोठा रोखा माझ्याकडे आहेच. तो हिशेबात धरला तर माझ्याकडे रोखे कमी नाहीत, शेअरच नाहीत. विद्यार्थ्याने यावर एक दुरुस्ती सुचवली, आणि ती मला लागली. "सर, तो रोखा तुमचा आहे. काकूंचा नाही." पूर्ण निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते, तर माझ्यानंतर तिला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारण दराने ३० टक्केच. म्हणून ८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तिला सहखातेदार करून ठेवले. ही योजना साठीनंतरची असली तरी ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत तिच्यात भाग घेता येतो. तेव्हाचे व्याज ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला १६,४०० रुपये. मुदत पाच वर्षे, आणि माझ्या पश्चात सहखातेदार पत्नी ते खाते पुढे चालू ठेवू शकते. एवढ्या व्याजापुढे कुठलाही रोखे फंड मला सुचला नाही.

बाकीचे १२ लाख शेअरमध्ये जातील असे ठरले, तेही एखाददुसरी कंपनी निवडून नव्हे तर निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घेणाऱ्या इंडेक्स फंडात. एकदम घालण्याचे धैर्य माझ्यात नव्हते आणि ते दाखवण्याची गरजही वाटली नाही. त्याच फंड कंपनीच्या मनी मार्केट योजनेत ते १२ लाख ठेवले आणि दर महिन्याच्या ७ तारखेला एक लाख इंडेक्स फंडात जाईल अशी व्यवस्था केली. बाजार चढत राहिला तर या पद्धतीत थोडे कमी मिळेल, हे ठाऊक आहे. वर्षभर चाललेले १२ हप्ते मला रात्री झोप देतील, त्याची ती किंमत आहे आणि मी ती समजून दिली. मेहुण्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बरोबर केलं भाऊजी. पण पडला तर बंद नका करू." तेवढे वाक्य मी वहीत त्या १२ लाखांच्या शेजारी लिहून ठेवले आहे, कारण दीर्घमुदतीच्या भांडवली नफ्यावरचा १२.५ टक्के कर किंवा वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याची सूट यांपेक्षा त्या पैशाचे भवितव्य त्या वाक्यावर जास्त अवलंबून आहे.

लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाले. आधीच्या सोमवारी लिक्विड फंडातून सगळी रक्कम मागितली आणि मंगळवारी ती खात्यात होती. नऊ लाखांवर चार महिन्यांत १७ हजारांच्या आसपास जास्त आले, तेवढ्यात वाजंत्रीवाल्याचे भागले. मुलीच्या पाठवणीच्या वेळी पत्नीने हातातल्या पाटल्या काढून तिच्या हातात घातल्या. बांधकाम दिवाळीनंतर सुरू झाले आहे, मनी मार्केट फंडातून दोन हप्ते गेले आहेत, आणि वहीत आता "स्लॅब, फेब्रुवारी, साडेचार लाख" ही ओळ सर्वांत वर आहे.